एक गाव, एक वर्ष: लोकांसोबतचं पुरातत्त्व शिकायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका ताईंनी प्राचीन भारतीय इतिहास आणि संस्कृती या विषयात एम.ए. केलं आहे. एका संस्थेत वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी त्यांची निवड झाली आहे. गावकऱ्यांना सोबत घेऊन दोन तालुक्यांतल्या गावांच्या वारशाची नोंद करायची, असं काम आहे. मानधन बेताचं आहे. ब्रिटनमधल्या अशाच एका प्रशिक्षणाबद्दल वाचल्याचंही त्या लिहितात. त्यांचे प्रश्न तीन: रुजू होण्याआधी ड्रोन किंवा जीआयएसचा (संगणकावर नकाशे करायचा) कोर्स करून घ्यावा का? वर्ष संपताना आपल्याला खरंच काम यायला लागलं की नुसती धावपळ झाली, हे ओळखायचं कसं? आणि ‘पोरीच्या जातीला हे रानोमाळ फिरणं झेपंल का,’ असं घरचे विचारतात, त्यांना काय सांगायचं?

ताई, एम.ए.ला तुम्ही सातवाहनांपासून यादवांपर्यंतचा इतिहास शिकलात, खापरांचे प्रकार शिकलात, कदाचित एखाद्या उत्खननावर काही दिवस राहूनही आला असाल. पण परक्या माणसाच्या बांधावर उभं राहून ‘तुमच्या रानात काय आहे ते मला बघायचंय’ हे कसं म्हणायचं, त्याने ‘कशाला?’ विचारलं तर काय सांगायचं, आणि बघून झाल्यावर त्याच्या हातात परत काय ठेवायचं, हे कुठल्याच पेपरला नव्हतं. तुम्हाला मिळालेल्या कामाचा मोठा भाग हाच आहे. ज्याला ते येतं त्याच्यासोबत गावात वावरूनच ते अंगवळणी पडतं. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. चाळीस गावांची फोटोंसकट यादी करण्यापेक्षा एक गाव पहिल्या भेटीपासून ते नोंदवही गावाच्या हाती देईपर्यंत तुमच्या जबाबदारीवर पुरं करायला मिळालं, तर ते वर्ष सार्थकी लागेल. कोर्सचं त्यानंतर बघता येईल.

यातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. संस्थेला पैसा कुठून येतो आणि देणाऱ्याला काय मोजून हवं असतं, त्यावर तुमचं वर्ष ठरतं. मोजायला सोपी गोष्ट म्हणजे गावांची संख्या, त्यामुळे बहुतेक ठिकाणी धावपळ तिथूनच सुरू होते. तुमचे वरिष्ठ स्वतः शिवारात येतात की कार्यालयातून व्हॉट्सॲपवर फोटो मागवतात, यानेही फरक पडतो. गावागावाचंही वेगळं असतं. वेरूळ-खुलताबादकडचा माणूस पर्यटकांना सरावलेला असतो, त्याचे प्रश्न गाड्या, दुकानं आणि बांधकाम परवानगीचे असतात. बालाघाटाच्या डोंगरातल्या वस्तीवर आजवर कुणी काही विचारायला आलेलंच नसतं. एका गावात चाललेली रीत दुसऱ्या गावात जशीच्या तशी चालत नाही.

पण हे काम मराठवाड्याला नवं आहे असं समजू नका. धाराशिव जिल्ह्यातलं तेर घ्या. पेरिप्लस या सागरी व्यापारावरच्या प्राचीन ग्रीक ग्रंथात भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर सांगितलंय, ते तगर म्हणजे तेर. १९५८ मध्ये पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी तिथे उत्खनन केलं, पण तेरचं आजचं शासकीय संग्रहालय ज्या संग्रहावर उभं आहे तो गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेला. पैठणच्या शासकीय संग्रहालयालाही बाळासाहेब पाटलांचं नाव आहे, कारण तो संग्रहही त्यांचाच. मराठवाड्यातल्या दोन महत्त्वाच्या संग्रहालयांचा पाया गावातल्या माणसांच्या नजरेने आणि चिकाटीने घातला गेला. पावसाने उघडा पडलेला मणी, नांगराला लागलेली मृण्मयी मूर्ती, ओढ्याच्या काठी सापडलेलं शिशाचं नाणं हे सगळं त्यांनी जपलं नसतं तर विकलं तरी गेलं असतं किंवा मातीत तरी मिळालं असतं. तुमच्यासारखीने त्यात भर घालायची ती नोंदीची. वस्तू नेमकी कुठल्या गटात, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाच्या, कुठल्या अंगाला आणि कुठल्या थराजवळ मिळाली, हे त्याच दिवशी लिहून ठेवलं गेलं की त्या वस्तूतून कळणारा इतिहास कितीतरी वाढतो. तुमच्या गावांतही असा एखादा जपणारा माणूस असतोच. कुणी निवृत्त गुरुजी असतात, कुणी गुरव, कुणी ट्रॅक्टरवाला. पहिल्या महिन्यात त्याला शोधा.

तुम्ही ब्रिटनमधल्या प्रशिक्षणाचा उल्लेख केलाय. काउन्सिल फॉर ब्रिटिश आर्किऑलॉजी या संस्थेने २०११ पासून काही वर्षं लॉटरीच्या निधीतून उमेदवारांना वर्षभर मानधन देऊन वेगवेगळ्या संस्थांमध्ये कामाला लावलं, तेच तुमच्या वाचनात आलेलं दिसतं. त्यातल्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत: उमेदवाराला पोटापुरतं मिळावं, आणि वर्षभरात काय शिकायचं ते सुरुवातीलाच ठरलेलं असावं. बाकीचं तसंच्या तसं इथे आणता येत नाही, कारण कायदा वेगळा आहे. इंग्लंडमध्ये संरक्षित नसलेल्या खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने गावातली हौशी मंडळी चर खणू शकतात, त्यामुळे तिथल्या बऱ्याच उपक्रमांत उत्खननच मध्यभागी असतं. आपल्याकडे १९५८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे संरक्षित नसलेल्या जागेवरही राज्य शासनाला स्वतः उत्खनन करायचं असेल किंवा कुणाला करू द्यायचं असेल, तर केंद्राची पूर्वमान्यता लागते. गावकऱ्यांना हौसेने खणायला लावणं हा इथे गुन्हा ठरू शकतो. आपलं शिक्षण सर्वेक्षण, नोंद, जपणूक आणि संवाद यांवर उभं राहणार, हे मनाशी पक्कं करा. त्यात कमीपणा काही नाही. मराठवाड्यातली बहुसंख्य गावं अजून नीट नोंदलेलीच नाहीत.

कायद्याचा एवढा भाग तुम्हाला तोंडपाठ पाहिजे, कारण गावात पहिले प्रश्न त्यावरच येतात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. ‘सरकार फुकटात उचलून नेतं’ ही भीती गावोगाव आहे आणि त्यापायी नाणी सराफाच्या मुशीत जातात. त्या कायद्यात सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचाही हक्क मानलेला आहे, हे लोकांना कुणी सांगितलेलंच नसतं. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा शंभर वर्षांच्या वरच्या वस्तूंना लागतो, हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षांच्या वर. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने, हा २०१० चा नियम. ज्याचं घर त्या हद्दीत पडतं त्याचा राग खरा असतो. त्याला ‘नियम आहे’ एवढं सांगून निघून येऊ नका. दुरुस्तीची परवानगी कुठे मागायची, कागद कोणते लागतात, हे विचारून घेऊन पुढच्या फेरीत त्याला सांगा. मग तो माणूस तुम्हाला आपणहून चार गोष्टी दाखवेल.

आता वेळापत्रक. आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना मी हे सर्वांत आधी शिकवतो, कारण पुस्तकात हे कुठेच नसतं. पुरातत्त्वाचा हंगाम म्हणजे दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत, असं आपण शिकलेलो असतो. पण मराठवाड्यात, बीडमध्ये तर फारच, आणि परभणी, जालना, धाराशिवच्या काही भागांतही, नेमक्या याच काळात माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. कोयता बाहेर पडला की तांडे आणि वस्त्या ओस पडतात, घरात म्हातारीकोतारी आणि शाळेतली लेकरं राहतात. तुम्ही जानेवारीत ‘ग्रामसभा’ घेतली आणि तिथे जमलेल्यांचं म्हणणं म्हणजे गावाचं म्हणणं असं लिहिलंत, तर ती नोंद अर्ध्या गावाची झाली. ज्यांनी दुसऱ्याच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरला, विहिरी खणल्या, गढीची माती वाहिली, त्यांनाच जमिनीच्या पोटातलं सर्वांत जास्त ठाऊक असतं आणि तेच त्या सभेत नसतात. म्हणून जमिनीवरचं फिरणं हिवाळ्यात करा. माणसांशी बोलणं मात्र दोन वेळा ठेवा: एकदा दसऱ्याच्या आधी, आणि दुसऱ्यांदा माणसं परतल्यावर, पाडव्यापासून अक्षय्यतृतीयेच्या पुढेमागे. जत्रांचे दिवसही तेच, त्यामुळे पुण्या-मुंबईला गेलेलेही भेटतात.

जमिनीवरच्या फिरण्याचंही असंच. उभ्या तुरीत किंवा कपाशीत काही दिसत नाही आणि शेतकऱ्यालाही ते आवडत नाही. उन्हाळी नांगरट झाल्यावर, वळवाचा एखादा पाऊस पडून माती धुतली गेली की खापरं वर चमकतात. ते थोडे दिवस सोन्यासारखे समजा. काळ्या रानाची एक खोडही लक्षात ठेवा: उन्हाळ्यात त्याला हात-हात भेगा पडतात आणि वरची वस्तू भेगेतून खाली जाते. म्हणून काळ्या मातीत खोलवर सापडलेली काचेची बांगडी बघून थराबद्दल घाईने काही बोलू नका. पांढरीची गोष्ट वेगळी. राखेची, भुसभुशीत, जुन्या वस्तीची ती माती. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, टाकायला आणि शेतात खत म्हणून ती वर्षानुवर्षं उपसली गेली आहे. त्यामुळे जुन्या घरांची माळवदंही बघा. पांढरीतून आलेली खापरं मी माळवदाच्या मातीत पाहिली आहेत. गढीचा ढिगारा पूर्वी गाढवांवर जायचा, आता जेसीबी लावून ट्रॉलीत जातो, आणि जेसीबीने कापलेल्या उभ्या काठात कधी कधी चुलीची राख, जळालेलं धान्य, भाजलेल्या विटांची ओळ असं सगळं एकाखाली एक उघडं पडलेलं असतं. तो काठ खरवडू नका. पट्टी लावून फोटो घ्या, वहीत मापाने रेखाटा, तारीख घाला आणि वरिष्ठांमार्फत पुरातत्त्व विभागाला कळवा. पुढच्या पावसात तो काठ ढासळलेला असतो.

नोंद कशी असते ते एका चिठ्ठीवरून दाखवतो. संस्थेकडे पृष्ठभागावरच्या वस्तू गोळा करायची परवानगी असेल तरच वस्तू उचलायची, नसेल तर जागेवरच फोटो घेऊन वस्तू तिथेच ठेवायची. परवानगी असल्यास पिशवीतली चिठ्ठी अशी असावी:

‘मौजे, तालुका, जिल्हा. गट क्रमांक आणि शेतकऱ्याचं नाव. पांढरीची उत्तर बाजू, ओढ्याने कापलेला काठ, काठाच्या वरच्या कडेपासून खाली सव्वा मीटर. काळी-तांबडी खापरं, तोंडाकडचे तुकडे ४, शंखाच्या बांगडीचा तुकडा १. काठाखाली गळून पडलेलं, थरातलं नाही. तारीख. वेचणाऱ्याचं नाव. जागा दाखवणाऱ्याचं नाव.’

यातली दोन वाक्यं नवशिक्यांकडून हमखास राहतात. ‘काठाखाली गळून पडलेलं, थरातलं नाही’ हे नसेल तर पुढचा अभ्यासक ती खापरं थरातली धरून चालेल आणि सगळा काळ चुकेल. ‘जागा दाखवणाऱ्याचं नाव’ हे नसेल तर दहा वर्षांनी तिथे जाणाऱ्याला कुणाला विचारायचं ते कळणार नाही, आणि ज्याने दाखवलं त्याचं श्रेय तुमच्या नावावर जाईल. दोन चिठ्ठ्या करा, एक आत आणि एक बाहेर. आतली न पुसणाऱ्या शाईने लिहा. खापरं मऊ ब्रशने धुवून सावलीत वाळवा. आतून काजळी किंवा अन्नाचा थर असलेलं खापर धुऊ नका, धातूच्या वस्तूला तर पाणी लावूच नका. चांगल्या प्रशिक्षणात कुणीतरी तुमच्याशेजारी बसून अशा चिठ्ठ्या एकेक वाचतो आणि परत लिहायला लावतो. असा माणूस तुमच्या संस्थेत आहे का, तेवढं विचारून घ्या.

आता बोलण्याबद्दल. पांढरीवर वाकून चालणारं माणूस दिसलं की बांधावरून हाक येतेच:

‘काय हुडकायलाव बाई? हंडा घावला का?’

याला ‘काही नाही, असंच’ म्हणालात तर गावात बातमी जाते की हंडा घावला. आमच्याकडे शिकणारी एक मुलगी अशा वेळी वही उघडून दाखवते. ‘आजोबा, मी खणत नाही. इथं दोन हजार वर्षांमागं वस्ती होती, त्यांची ही फुटकी भांडी. कुठं कुठं पडलीत ते लिहून घेते. तुमच्या रानात आणखी कुठं अशी खापरं निघतात?’ प्रश्न उलटा गेला की म्हातारा बांध सोडून तुमच्यासोबत चालायला लागतो. गुप्तधनापायी गढ्या आणि पांढरी रात्रीतून खणणारे लोक आजही आहेत. म्हणून जागेचा नेमका ठिकाणा, नाण्याचा फोटो असलं काहीही स्टेटसला ठेवायचं नाही, संस्थेच्या पेजवरही नाही. नव्या मुलांना उत्साहात हे फार जड जातं. पण तुमच्या एका फोटोमुळे एखाद्या शेतकऱ्याचं रान रात्रीतून उकरलं जाऊ शकतं.

लोक सांगतील ते लिहिताना आपली विद्वत्ता बाजूला ठेवायची. दगडाचं जुनं देऊळ दिसलं की आपल्याकडे ते ‘हेमाडपंती’ किंवा ‘पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं’. हेमाद्री हा तेराव्या शतकातल्या यादवांचा मंत्री. होट्टल, धर्मापुरी इथली मंदिरं त्याच्या आधीची, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली. हे तुम्हाला माहीत आहे, पण पारावर आजोबांना चारचौघांत दुरुस्त करायची ही वेळ नव्हे. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावासह लिहा. मंदिराचा काळ वेगळ्या रकान्यात, कशावरून ठरवला त्या खुणांसह लिहा. नंतर शाळेत किंवा सभामंडपात बोलायची वेळ येते तेव्हा दोन्ही सांगा. लोकांना खरा काळ ऐकायला आवडतो, फक्त त्यांचा पाणउतारा करून सांगू नये एवढंच.

वीरगळांचं, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारक-दगडांचंही तेच. गावाच्या वेशीला, मारुतीच्या पारामागे, कुठे धुण्याचा दगड म्हणून ते असतात. खाली लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, शेंड्याला चंद्र-सूर्य. शेंदूर फासलेला असेल तर तो देव आहे, खरवडायचा नाही. शिलालेखात अक्षरं दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळणंही बंद. सकाळचं तिरपं ऊन, नाहीतर अंधार पडल्यावर बाजूने धरलेली बॅटरी एवढ्याने अक्षर उठून दिसतं. आणि फोटो काढला तरी एकदा हाताने चित्र काढाच. चित्र काढताना वीराच्या हातातलं शस्त्र, घोड्याचा लगाम, शेजारी पडलेल्या गाई असं जे दिसतं ते फोटोत डोळ्यांसमोर असूनही सुटतं.

बारवांबद्दल, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमच्या जिल्ह्यात तुमचं पहिलं खरं काम बहुधा तिथेच निघेल. परभणी जिल्ह्यात वालूरच्या चक्राकार बारवेसारख्या जागा गावकऱ्यांनी श्रमदानाने मोकळ्या केल्या आणि त्या बघून आसपासच्या गावांतही उत्साह आला आहे. ही फार मोलाची गोष्ट आहे. पण गाळ उपसताना जेसीबीचा दात पायऱ्यांना लागतो, गाळाबरोबर मूर्तींचे तुकडे ट्रॉलीत जातात, आणि शेवटी उरलेल्या निधीतून सिमेंटचा गिलावा होतो. प्रशिक्षणार्थीने श्रमदानाच्या आदल्या दिवशी जाऊन चारही बाजूंचे फोटो घ्यावेत, निखळलेल्या दगडांना खडूने नव्हे तर चिठ्ठी बांधून क्रमांक द्यावेत, जेसीबी काठापासून लांब उभा करून आतलं काम फावड्या-घमेल्याने करायला गावाला राजी करावं, आणि गाळाचा ढीग लगेच शेतात न पाठवता एका बाजूला पसरून चाळून घ्यावा. एखादी मूर्ती निघाली की गावात घंटा वाजते, नारळ फुटतो, कुणी तिथेच ओटा बांधायचं ठरवतं. त्या क्षणी कायद्याचं कलम वाचून दाखवणारा माणूस गावाच्या मनातून कायमचा उतरतो. नमस्कार करा, माप घ्या, फोटो घ्या, सरपंच आणि पोलीस पाटलांना सोबत बसवून पंचनाम्यासारखी नोंद करा, तहसीलदारांना कळवा आणि तेलरंग लावू नका एवढी एकच विनंती करा. मूर्ती गावात राहणार की संग्रहालयात, याचा निर्णय शासन आणि गाव यांच्यात व्हायचा आहे. मधल्या काळात ती शाबूत राहील एवढं तुम्ही बघायचं.

गावातली सगळी माणसं म्हणजे नेमकी कोण, याचाही विचार सतत ठेवा. पाटलांच्या वाड्यात चहा मिळतो म्हणून नोंद वाड्यापासून सुरू होते आणि तिथेच संपते. दलित वस्तीतले, तांड्यावरचे, दर्ग्याचे मुजावर, कुंभार, वडार यांच्याकडच्या गोष्टी वेगळ्या असतात आणि कधी वाड्याच्या गोष्टीला छेद देणाऱ्या असतात. दोन्ही लिहा. एखादी जागा कुणाची यावर गावात ताण असेल तर नोंदवहीतलं तुमचं एक वाक्य उद्या पुरावा म्हणून नाचवलं जाऊ शकतं. अशा जागेची नोंद वरिष्ठांना दाखवल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नका.

घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर: झेपतं, आणि काही गोष्टी तर तुम्हालाच मिळतात. माजघरात, जात्याजवळ, पाणवठ्यावर पुरुषाला कुणी बसवून घेत नाही. सुनांना, आज्यांना जुनी वाट, बुजलेली विहीर, परड्यातला कोरीव दगड माहीत असतो, कारण रोजचा वावर तिथे त्यांचाच. पण सुरक्षितता तुमच्या हिमतीवर सोडायची गोष्ट नाही, ती संस्थेची जबाबदारी आहे. शिवारात एकटीने जायचं नाही, दिवस मावळायच्या आत मुख्य रस्त्याला यायचं, मुक्काम कुटुंबात, गाडीचा खर्च संस्थेचा, आणि शेवटची एसटी चुकली तर कुणाला फोन करायचा ते आधी ठरलेलं. २०१३ चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे आणि कामासाठी भेट दिलेली जागाही त्यात येते. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच. नसतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. हे पहिल्याच दिवशी विचारा. जी संस्था या प्रश्नावर तोंड वाकडं करते तिथे जाऊ नका, असं मी माझ्या मुलीलाही सांगेन.

कोर्सचं सांगायचं तर ड्रोनची घाई करू नका. २०२१ च्या ड्रोन नियमांमुळे नोंदणी, परवानगी, पायलटचं प्रमाणपत्र हे सगळं आलं, आणि ते काम तासावर भाड्याने मिळतं. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर मोफत आहे, गावाचा नकाशा, गट क्रमांक आणि तुमचे बिंदू त्यावर बसवता येण्याइतकं काम करता करता शिकाल. पैसे आणि वेळ घालायचाच असेल तर मोडी शिका, आणि उर्दू वाचता येईल इतपत शिका. आपला भाग निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुने महसुली कागद बरेचसे उर्दूत आहेत, आणि काही जुने कागद मोडीत. गढीचा मालक, बुजलेल्या बारवेचं जुनं नाव, उठून गेलेल्या गावाची हद्द यांचा माग बहुधा त्या कागदांतच लागतो. मराठवाड्यात ही दोन्ही वाचणारी तरुण माणसं फार थोडी आहेत.

शेवटी नोकरी आणि पैसा. ‘लोकसहभागी पुरातत्त्वज्ञ’ अशा नावाचं पद आपल्याकडे निघत नाही. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची पदं, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पदं, संग्रहालयांतले अभिरक्षक, संवर्धन करणाऱ्या वास्तुविशारदांकडची कामं, विद्यापीठांचे प्रकल्प अशा निरनिराळ्या दारांतून लोक येतात. उत्खननाकडे जायचं असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे किंवा सर्वेक्षणाच्या संस्थेची ग्रेटर नोएडातली दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका आहे, आणि एक वर्ष गावात काम केलेला विद्यार्थी तिथे वेगळा उठून दिसतो. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास बंद करू नका. जाहिराती क्वचित निघतात, पण निघतात.

मानधन बेताचं आहे म्हणता, तर निदान तीन गोष्टी नेमणूक पत्रात लिहून मागा: प्रवासखर्च मानधनाबाहेर मिळेल, तुम्ही केलेल्या नोंदींवर आणि अहवालावर तुमचं नाव राहील, आणि एक गाव सबंध वर्ष तुमच्याकडे राहील. तिसरं मान्य करताना ते कुरकुरतील. त्यांना सांगा, यादीतली बाकीची गावंही करीन, पण हे एक माझं. जूनमध्ये रुजू होणार असाल तर कुठलं गाव मिळतंय ते पहिल्याच आठवड्यात ठरवून घ्या, आणि पेरण्या उरकेपर्यंत वही न काढता तिथे दोन-चारदा जाऊन या.